कोन्ती पिशवी, ताई?

"पाठ ताठ ठेवा," संस्कृतीताई म्हणाली, तशी छबुबाई बसल्या जागी सावरली. सिरसाळ्यातल्या मंगल कार्यालयात सतरंजीवर बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर खुर्चीत गळ्यात हार घालून डॉक्टर. फुकटात काही चांगलं सुरू झालं की पाहुणा यायचाच. गुळाचा पत्ता माशीला सांगावा लागत नाही.

योगाचा वर्ग मात्र खरंच चांगला होता. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छबुबाईचा जीव घाबरा व्हायचा, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. गोळ्या झाल्या, अंगारे झाले. शेवटी शेजारच्या वनमालाने तिला इथे आणलं. पुण्याहून माहेरी आलेली गावची लेक रोज सकाळी श्वास घ्यायला शिकवते म्हणे. छबुबाईला हसू आलं होतं. श्वास काय शिकायचा? पण आठवडाभरात तिला सलग झोप लागली, कितीतरी वर्षांनी. ती झोप आता तिला गमवायची नव्हती.

डॉक्टर बोलत होते. खेड्यातल्या बायका तिशीतच म्हाताऱ्या दिसतात, कारण त्यांना शरीराची किंमत नाही, साधा श्वासही नीट घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. छबुबाई त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे बघत राहिली. ऐन पंचविशीत पोट दुखतं म्हणून ती याच माणसाकडे गेली होती. पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक, असं त्याने चहा पिता पिता सांगितलं होतं. ती ऊसतोडीला जायची त्या टोळीच्या मुकादमाला तर बरंच वाटलं. पिशवी गेली की पाळी गेली, आणि पाळीपायी पडणारा खाडाही गेला. टोळीतल्या निम्म्या बाया अशाच रिकाम्या करून आणलेल्या.

"आता पोटाची पिशवी फुगवा," संस्कृतीताई म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कोन्ती पिशवी, ताई?" छबुबाईने विचारलं. "ती तर ह्या डाक्टरनंच काढली. माझी बी, वनमालाची बी."

ताई गोंधळली. तिला फक्त पोट म्हणायचं होतं. वनमालाने छबुबाईला कोपराने ढोसलं, "गप की. पाव्हने हायत."

डॉक्टर उठून जवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. त्यांना ती आठवतही नव्हती.

"अजून काही त्रास होतो का? ये दवाखान्यात, बघू आपण."

आणि छबुबाईचे हात जोडले गेले. सवयीने, तिला न विचारता. "व्हय, येते," असंही तोंडातून निघून गेलं. स्वतःच्या त्या हातांची तिला किळस आली.

ताईने घाईघाईने सगळ्यांना डोळे मिटायला लावले, श्वास आत घ्यायला सांगितला. डॉक्टर अजून शेजारीच उभे होते आणि त्यांच्या अंगाला अत्तराचा दाट वास होता. छबुबाईने श्वास रोखून धरला. हळूहळू छातीवर ते रात्रीचं ओझं येऊन बसायला लागलं.

मग तिने नाक मोकळं सोडलं आणि तो वास पोटाच्या तळापर्यंत आत घेतला. आज रात्री तिला झोपायचं होतं.