रॉकेलात धुतलेली रबरं

चाळीस वर्षं माझा धाकटा दीर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक करतोय, आमच्या घरामागच्या शेडमध्ये. नवरा गेल्यापासून शेड मी चालवते. म्हणजे हात त्याचे, तोंड माझं.

डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची जुनी गाडी आली. दिरानं ब्रेकचं सगळं उतरवलं, सिलिंडर घासले, पाइप बदलले. आत बसवायची नवी रबरं ब्रेक ऑइल लावून ताटलीत मांडली आणि जेवायला गेला. मला ती चिकट दिसली. माझ्या घरात चिकट काही टिकत नाही. वाटीभर रॉकेल घेतलं, एकेक रबर खसाखसा धुतलं, पुसून पुन्हा मांडलं. सांगितलं नाही. मी कधी कुणाला सांगून काही केलंय?

त्यानं ती तशीच बसवली. चार दिवसांनी बाई गाडी न्यायला आल्या. दिरानं पेडल दाबून सोडलं, तर चाकं आवळलेलीच. त्यानं तिथंच सिलिंडर खोलला.

"नवी रबरं फुगलीत. पेट्रोल, रॉकेल लागल्याशिवाय असं होत नाही. माझंच काहीतरी चुकलं."

मला ती रॉकेलची वाटी आठवली. पण तोंडाला सवय.

"हात थरथरतात, डोळे अधू झालेत, पण ऐकतोय कोण! भावजी, टाका आता पाने अडगळीत."

एरवी तो म्हणाला असता, "वहिनी, आधी तुमच्या जिभेला ब्रेक बसवू." त्या दिवशी मान खाली घातली.

"वहिनींचं बरोबर आहे. बाई, गाडी दुसरीकडे न्या. ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. मी आजपासून हे काम सोडलं."

आणि खरंच एकेक पाना पुसून पेटीत ठेवायला लागला. पाचवा पाना ठेवला तेव्हा माझ्यानं राहवेना.

"मी धुतली ती. रॉकेलात. तुम्ही जेवत होतात."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दिरानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि हसला.

"म्हणजे हात ठीक आहेत माझे."

शिव्या घातल्या असत्या तर मी सव्याज परत केल्या असत्या. तो हसला, तेव्हा मी पेटीतले पाचही पाने काढून पुन्हा त्याच्यासमोर मांडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी रबरं बसली. पाइपातली हवा काढायला आत बसून कुणीतरी पेडल दाबावं लागतं. मी आपणहून जाऊन बसले.

"दाबा, वहिनी," गाडीखालून आवाज आला. दाबलं.

"धरून ठेवा." धरलं.

"सोडा."

चारही चाकं झाली, तरी माफीचा शब्द काही माझ्या तोंडातून फुटला नाही.