किती घेता, हे विचारावे

यकृततज्ज्ञांनी अहवाल टेबलावर आपटला आणि निदानापुढच्या 'कारण अनिर्दिष्ट' या शब्दांखाली इतक्या जोराने रेघ ओढली, की कागद फाटला.

"यकृतात मेद साठलाय, हे सोनोग्राफीचं यंत्रसुद्धा सांगतं. तो दारूचा, साखर-वजनाचा, की दोन्हींचा? त्याशिवाय आजाराचा वर्गीकरण-कोड देता येत नाही, हे कितीदा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी!"

"सर, या आजाराचं नावच इतक्या वेळा बदललंय, की..." कनिष्ठ डॉक्टर पुटपुटली.

"नाव बदललं, प्रश्न नाही बदलला. किती घेता, हे विचारलंत?"

"नाही."

"जीभ झडली असती?"

"सर, ते तुमचे दादा आहेत. आणि वहिनी शेजारीच बसल्या होत्या."

तज्ज्ञांनी फाटलेला अहवाल उचलला. अशा आजारांच्या वर्गीकरणाबाबतचे मत तज्ज्ञ समितीसाठी त्यांनीच लिहिले होते: प्रश्न 'घेता का' असा नसावा, 'किती घेता' असा असावा, तो रुग्ण एकटा असताना विचारावा, आणि नातेवाइकांचे म्हणणे ग्राह्य धरू नये. या शेवटच्या कलमासाठी तर ते सर्वांशी हमरीतुमरीवर आले होते.

ते स्वतः दादांच्या खोलीत गेले. वहिनींना बाहेर बसायला सांगून त्यांनी दार लोटले. वडिलांच्या माघारी ज्याने त्यांना शिकवले, तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"दादा, किती घेतोस?"

"काय किती?"

"सोंग आणू नकोस."

"कागदावर येणार?"

"येणार."

"म्हणजे हिला कळणार." दादांनी चादर छातीपर्यंत ओढली. "मग लिही, थेंबही नाही."

"अरे, तसं लिहिलं तर पथ्य साखरेचं मिळेल आणि यकृत दारूनं जाईल! आज नुसता मेद आहे, तो उतरेल. उद्या यकृत घट्ट झालं, की माझ्याही हाती काही नाही."

"तू डॉक्टर आहेस की वकील? थेंबही नाही म्हणालो ना!"

तज्ज्ञ चडफडत बाहेर आले. वहिनी बाकावरून उठल्या.

"काय म्हणाले?"

"थेंबही नाही."

"रोज अर्धी बाटली, भावोजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "चपलांच्या कपाटात, मागच्या बाजूला. तिथे मी झाडूही फिरवत नाही. मला ठाऊक आहे असं त्यांना वाटायला नको. तुम्ही लिहून टाका. माझं नाव तेवढं घेऊ नका."

तज्ज्ञांनी पेन काढले. एका ओळीचे काम होते. ती लिहिली असती, तर कोड बिनचूक ठरला असता. कपाट मात्र तसेच राहिले असते.

"हे मला सांगून चालणार नाही, वहिनी."

"का? खोटं वाटतं?"

त्यांनी पेन खिशात ठेवले, खोलीचे दार उघडले, वहिनी आत जाईपर्यंत धरून ठेवले, आणि मग स्वतः बाहेर राहून हलकेच लावून घेतले.