चिकट हाताची पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. रंग उडवणारी नव्हे, चिकटवायचे सोल्युशन सोडणारी. सांगलीच्या एका लेथवाल्याने मला कातले आणि १९७४ साली मी साताऱ्यात रेडिओचे स्पीकर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आले. तारेच्या बारीक गुंडाळीला कागदी पडदा चिकटवताना माझ्या सुईतून एकच थेंब सोडायचा असे. थेंब कमी पडला तर पडदा सुटे, जास्त झाला तर गुंडाळी जाम होऊन स्पीकर मुका बसे. म्हणून मी थेंबाला फार जपायची. "लय चिकट हाय ही," असे बाया म्हणत, आणि मला ते आवडे.

मग राहीबाई कामाला लागली. घर उसाचे, हात सढळ. पाहुण्याला तूप वाढताना हात आखडणे तिला माहीतच नव्हते. ती माझा दट्ट्या दाबायची आणि वर मायेने आणखी थोडा दाबायची. तिचे स्पीकर मुके निघू लागले. खरे सांगते, मला तिचा रागच येई.

नोकरीत कायम झाल्याचे पलटणीतल्या नवऱ्याला कधी कळवते, अशी तिला घाई होती. पण मुकादम हंबीरराव म्हणाले, "राहीबाई, शनिवारपतुर बघतो. न्हाई जमलं तर दुसरी बाई घ्यावी लागंल."

राहीबाईचे डोळे भरले. शेजारी कामाला बसणाऱ्या चंद्राबाईला ती म्हणाली, "आवं, इवलंसं लावायचं जिवावर येतं. आमच्या घरात असा चिकटपणा कुणी केला न्हाई."

"पोरीला गुटी उगाळतीस, तवा हळकुंडाचं किती येढं देतीस गं?"

"येकच."

"मग तुजी माया कमी हाय व्हय?"

राहीबाईने मला पुन्हा उचलले. त्यानंतर तिचा अंगठा माझ्यावर हलका पडू लागला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

शनिवारी हंबीररावांनी तिचे स्पीकर एकेक करून जोडले. सगळे बोलले. शेवटच्यातून सांगली केंद्रावरचे गुळाचे भाव ऐकू आले. राहीबाईने ते गाणे ऐकावे तसे ऐकले. ती कायम झाली.

पुढे हवेच्या दाबावर चालणारे यंत्र आले. मी कधीमधीच लागायची. एकदा कुणीतरी मला न धुताच खणात टाकले. ज्या थेंबाला जन्मभर जपले, तोच सुईत वाळला आणि मीच मुकी झाले. फार वाईट वाटले. मित्रांनो, काम झाले की हत्यार धुवून ठेवत जा, एवढेच मागते.

परवा राहीबाईला मी सापडले. तिने मला थिनरमध्ये भिजवले, बारीक तारेने सुई मोकळी केली. हळूच एक थेंब आला. शेजारी नवी बाई उभी होती. तिच्या हातात मला देत राहीबाई म्हणाली,

"जपून वापर. लय चिकट हाय ही. माज्यावानी."