ग्रीसच्या देवाला एक प्रश्न

मैनाबाईने गोंदियाच्या पलीकडे भिलाईशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. पण ग्रीस देशात एक देव माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देतो, हे ती सेक्टरमधल्या झाडून साऱ्या बायांना सांगून बसली होती. चूक तिच्या लेकाची, बाबारावाची. भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्याला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी रशियात पाठवलं होतं. परतीचं जहाज वाटेत ग्रीसला थांबणार, तिथे गाइडबरोबर जुनी देवळं आणि एक बेट बघायला मिळणार, हे त्याने हौसेने घरी लिहिलं. त्यात या देवाचंही लिहिलं. हे सगळं दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं.

जहाजात चढायच्या आधी आईचा निरोप आला. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेला. दयाराम जिवंत आहे की नाही, तेवढं त्या देवाला विचार.

दयाराम हा बाबारावाचा थोरला भाऊ. बापाशी भांडून घरातून निघाला तो गेलाच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढे बाप गेला, बाबाराव शिकून इंजिनियर झाला, आई आणि रुक्मावहिनी त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या; दयारामचा पत्ता नाही. आता बारा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात माणूस परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोच्या बांगड्या फोडायच्या, ही रीत. भाऊबंद मागे लागले होते. मैनाबाईने त्यांना सांगितलं, देव म्हणेल तसं करू. म्हणजे रुक्माचं कुंकू राहायचं की जायचं, ते बाबारावाच्या सहलीवर येऊन ठेपलं.

अशा सहलीत मन कुठलं रमायला! अथेन्सच्या टेकडीवरचे संगमरवरी खांब झाले, बोटीत बसून गाठलेलं बेट झालं, तिथलं झाडीतलं देऊळ झालं. बरोबरचा नागपूरचा भैय्याजी खांबांवर थापा मारत होता. “सिमेंटबिगर उभे केले बे यायनं!” छत्री उंच धरून पुढे चालणारी गाइडबाई राजांची नावं घेत होती आणि बाबाराव नुसती मान हलवत होता.

शेवटच्या दिवशी बस डोंगर चढून डेल्फीला गेली. देवाचं ठिकाण ते हेच. बघतो तर देवळाचं नुसतं जोतं आणि चार-सहा खांब. मोठेमोठे राजे लढाईला निघण्याआधी इथे विचारायला यायचे, असं बाईने सांगितलं.

“आणि आता?” बाबारावाने विचारलं.

“आता तुम्ही येता, तिकीट काढून,” बाई म्हणाली. सगळे हसले.

मंडळी पुढे गेल्यावर तो मागे रेंगाळला. कोणी बघत नाही असं पाहून बूट काढले, हात जोडले आणि लाजत पुटपुटला, “देवा, आमचा दादा जित्ता आहे का?” दरीत कुठे शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. मग बसचा हॉर्न वाजला. बूट घालताना त्याला एकाएकी रडू फुटलं. इतक्या वर्षांत तो भावासाठी रडला नव्हता. दादा आता या जगात नाही, हे त्याच्या मनाने तिथे घेतलं.

दुर्ग स्टेशनवरून तो घरी पोचला, तर आई दारातच उभी.

“काय म्हणलं रे देवानं?”

आईच्या मागे पाण्याचा गिलास घेऊन रुक्मा उभी होती. तिची नजर त्याच्या तोंडावर खिळली होती. हिला पांढऱ्या कपाळाने कसं बघू, असं बाबारावाला झालं. दयेच्या भरात तो बोलून गेला, “जित्ता आहे म्हणलं, माय.”

मैनाबाईने त्याला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली. मग डोळे पुसून घरोघर गूळ वाटायला निघाली. रुक्माने गिलास खाली ठेवला आणि ती मागच्या अंगणात गेली.

बाबाराव तिच्या मागोमाग गेला. “वहिनी, आता कावून रडून राहिल्या?”

“भाऊजी, देवाजी आले होते घरी,” ती म्हणाली. देवाजी म्हणजे कोक ओव्हनच्या भट्ट्यांत विटा बसवणारा मिस्त्री, त्यांच्याच जातीतला, बायको वारलेली. “मायनं होकार देल्ला होता. पुतळा जाळला का पाट लावून देतो म्हणे.”

बाबारावाला हे आत्ताच कळत होतं. असली गोष्ट शेजाऱ्याकडून कोण लिहवून घेणार! आणि वरच्या जातीच्या साहेबांच्या घरातल्या, जन्मभर तशाच राहिलेल्या विधवा बघून बघून, आपल्या जातीत बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, हेच तो विसरला होता. तिला वाचवायला गेला आणि तिची वाटच बंद करून बसला.

आई परत आल्याबरोबर त्याने तिचे पाय धरले. “माय, मी खोटं बोललो. देव काहीच नाही बोलला. तिथं देवच नाही.”

“रुक्मीची कीव आली तुले, म्हणून आता खोटं बोलून राहिला तू,” मैनाबाई शांतपणे म्हणाली. “माझा दया जित्ता आहे. जित्त्या पोराले मी आग लावू का?”

त्याने शपथा घेतल्या, भैय्याजीला साक्षीला आणलं. म्हातारी कानांवर हात ठेवून बसली. देवाजीने बरेच दिवस वाट पाहिली. मग तिरोड्याकडची एक बाई करून आणली. त्याचं तरी काय चुकलं?

पुढे एका दुपारी रुक्मा तांदूळ निवडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. बाबाराव जेवून उठला, तेव्हा तिने विचारलं, “भाऊजी, त्या देवाले विचाराले बायाही जात होत्या का?”

“नाही,” तो म्हणाला. “बायांना मनाई होती म्हणे. त्यांच्या वतीनं पुरुषमाणसं विचारत.”

रुक्माने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“मंग उत्तरं माणसाइच्याच मनासारखी आली असतीन,” ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.