कोंडाजी मिस्त्रींची नेल गन

चित्र चौथे. गनचं नाक फळीवर दाबलेलं, मग बोट घोड्यावर. नाक दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही.

(गनबरोबरच्या कागदावर सहा चित्रं होती. पहिली तीन कोंडाजी मिस्त्रींनी फाडून तंबाखूची पुडी बांधली.)

एवढं समजायला शिक्षण लागत नाही. कोंडाजींना मात्र तीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे समजलं नाही.

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये मशीनचे भाग पाठवायची लाकडी खोकी बनत. २००२ साली हवेवर चालणारी गन आली. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिचं नाक कायमचं दाबून बांधलं. आता घोड्याला बोट लागलं की खिळा सुटे. समोर फळी असो, माणूस असो.

"दर खिळ्याला नाक दाबत बसलो तर दिवाळी इथंच," मिस्त्री म्हणाले. शेठ हसले. कुणी वेळ वाचवला की शेठ हसत.

फळ्या भिमाबाई धरायची. म्हणजे नेमासमोर हात तिचे.

चित्र पाचवे. खिळ्याजवळ हात. हातावर फुली.

"मिस्त्री, ट्यूब काढा. मग धरते."

"मशीनला घाबरतेस होय?"

"मशीनला कशाला? तुम्हाला."

कुणी हसलं नाही. मिस्त्रींसमोर हसायची आमच्यात पद्धत नव्हती. शेठ म्हणाले, "बाई, परवा खंडेनवमी. तोवर विचार कर. दसऱ्यानंतर धरायचं नसेल, तर दुसरी बघतो."

चित्र सहावे. काम नसेल तेव्हा हवेची नळी काढून ठेवा.

चित्रातला माणूस खंडेनवमी पाळत नसावा. आम्ही पाळतो. पटाशी, करवत, रंधा धुऊन पाटावर मांडले, मधोमध गन. कॉम्प्रेसर मिस्त्रींनी चालू ठेवला. "पूजेला हत्यार जिवंत पाहिजे. नळी काढली की मेलं ते." तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. मांडी घालून त्यांनी गनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. माळ घोड्यात अडकली. ती त्यांनी सरळ करायला ओढली.

खिळा पोटरीत. खिळ्याचं डोकं तेवढं बाहेर.

मग आमची धावपळ. एकजण हळद घेऊन, दुसरा पाणी घेऊन, शेठ रिक्षा बघायला. तिसऱ्याने गन उचलून बाजूला ठेवायला हात घातला.

"हात लावू नको," भिमाबाई म्हणाली. पूजेला ती दरवर्षीसारखी दाराशीच उभी होती. तिने कॉम्प्रेसर बंद केला, नळी काढली, ब्लेडने ट्यूब कापली. मग मिस्त्रींकडे वळली.

मिस्त्री दहा दिवसांनी आले, लंगडत. तोवर गन भिमाबाईच चालवत होती. खोकी जात होती तेवढीच जात होती, फाटलेल्या फळ्या मात्र कमी निघत. शेठने दुसरी बाई पाहिली नव्हती.

"त्र्यंबकला जाऊन शांत करावी लागेल," मिस्त्री म्हणाले.

"कुणाची?"

"गनची. दोष आहे तिच्यात."

"ती शांत आहे. तुम्ही फळी धरा."

मिस्त्रींनी शेठकडे पाहिलं. शेठ खोकी मोजू लागले. मिस्त्रींनी फळी धरली, पार टोकाला.

"एवढ्या लांबून धरली तर हलते, मिस्त्री. वीतभर पुरे."

"असू दे," कोंडाजी म्हणाले.