हाक न मारलेल्यांची जागा

ऑफिसात भाची मामांना ‘सर’ म्हणायची. पण त्या ‘सर’मध्ये इतका लाडिकपणा असायचा, की पलीकडच्या टेबलावरच्या टेस्टरबाई हसू दाबत म्हणायच्या, “मामाच म्हण ना गं सरळ! कुणाला माहीत नाही?”

मामा त्या छोट्या कंपनीतले सगळ्यांत जुने इंजिनिअर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मोजणारं यंत्र ही त्यांची उभ्या जन्माची पुण्याई. यंत्राची चिप नखाएवढी, आणि तिची मेमरी म्हणजे चिमणीची चोच. तेवढ्या जागेत प्रोग्रॅमचा कुठला तुकडा कुठे बसायचा, हे ठरवणारी लिंकर स्क्रिप्ट मामांनी स्वतः लिहिलेली. तिच्या एका ओळीला हात लावायचा तरी आधी मामांपुढे उभं राहावं लागे, आणि उभं राहायची कुणाची छाती होत नसे.

भाचीनं आता धोक्याची एक नवी सूचना लिहिली होती. बाळाचा श्वास बंद पडायची वाट न बघता, तो अडखळायला लागताच यंत्रानं ओरडायचं. डॉक्टर खूश झाले. पण प्रोग्रॅम काही मेमरीत मावेना. मालकांनी सकाळीच बजावलं, “दुपारी यंत्रं जोडायला घेतोय. मावलं तर उत्तम, नाहीतर तुझी सूचना पुढच्या वर्षी.”

“म्हणजे तोवर बाळांनी श्वास रोखून बसायचं का?” मालकांची पाठ वळल्यावर भाची पुटपुटली.

तिनं तुकडे जोडणाऱ्या त्या लिंकरला एक जास्तीची आज्ञा दिली: ज्याला कुणी बोलावत नाही, तो तुकडा वगळून टाक. आणि काय आश्चर्य, प्रोग्रॅम मावला! वर जागाही उरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग टेस्टरबाईंनी रबरी बाहुलीचा श्वास अडखळवला. यंत्र गप्प. त्यांनी श्वास पुरता थांबवला. तरीही गप्प. पडद्यावर आकडे शहाण्यासारखे पळत होते, आवाजाचा मात्र पत्ता नाही.

“अगं बाई, तू तर जुनी ओरडसुद्धा गिळलीस!”

मामांना कारण तिथल्या तिथे कळलं. उत्तर अगदी जिभेवर आलं. पण तोवर भाचीनं मेमरीचा नकाशा पडद्यावर उघडला होता, ओठ दाताखाली धरून ती वाचत होती. मामांनी जीभ आवरली. ती आवरणं त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

“सूचनांची यादीच रिकामी आहे,” भाची म्हणाली. “प्रत्येक सूचना आपणहून यादीत जाऊन बसते. नावानं तिला कुणीच हाक मारत नाही. प्रोग्रॅम नुसता यादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. लिंकरला वाटलं, या साऱ्या बिनकामाच्या.”

“मग आता?” टेस्टरबाईंनी विचारलं.

“आता त्याला स्क्रिप्टमध्येच सांगायचं. कुणी बोलावो न बोलावो, यांची जागा राखून ठेव.”

मामांचे डोळे भरून आले. ज्याला जगात कुणी हाक मारत नाही, त्याचीही जागा तो वरचा राखून ठेवतोच की! पोरीला हे यंत्राच्या पोटात दिसलं.

पण राखलेल्या सूचना परत आल्या, आणि मेमरी पुन्हा भरून वाहिली. थोडक्यासाठी! भाची उठली आणि मामांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

“सर, तुमची भिंत हलवायचीय.”

टेस्टरबाईंच्या हातातली बाहुली खाली पडायची राहिली. मेमरीच्या शेवटी मामांनी स्क्रिप्टमधल्या एका ओळीनं भिंत घालून यंत्राच्या सेटिंगसाठी ऐसपैस जागा वेगळी काढलेली होती. तिचा शेवटचा कप्पाच काय तो वापरात होता. बाकीचं ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोकळं.

“कुठून हलवशील?” मामांनी आवाज कोरडा ठेवला.

“कप्प्याच्या कडेवरूनच. ही चिप पुसते तेव्हा अख्खा कप्पा पुसते. मधेच भिंत घातली, तर नर्स साधं सेटिंग बदलेल आणि आपला प्रोग्रॅम पुसला जाईल.”

“आणि रुग्णालयांतली जुनी यंत्रं? त्यांच्यातही हाच प्रोग्रॅम जाईल. त्यांची सेटिंग?”

“वापरातल्या कप्प्याला मी शिवत नाहीये, सर. ती आहेत तिथंच राहतील.”

मामांना आणखी एक प्रश्न हवा होता. शोधूनही सापडला नाही.

“हलव,” ते म्हणाले.

प्रोग्रॅम बसला. बाहुलीचा श्वास नुसता अडखळला, आणि यंत्रानं असा काही टाहो फोडला की मालक कानांवर हात ठेवून धावत आले. “बंद करा आधी ते!”

“वाजू द्या हो जरा,” मामा म्हणाले.

मालकांनी बाहुलीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि मान हलवली. “घ्या जोडायला.”

हा निरोप पोचवायला मामा स्वतः जिना उतरले. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, “माझी भिंत हलवली पोरीनं! कुणाची हिंमत झाली नव्हती. आणि तसूभर चुकली नाही!”

दारावरच्या वॉचमनला यातलं ओ की ठो कळलं नाही. “भिंत? कुठली हो, मागची?”

“आतली,” मामा म्हणाले, आणि छाती फुगवून पुढे निघाले.