किल्ल्यांच्या ठशाखालची लवंग

मी लायडन शहराच्या जिऱ्याच्या चीजचा गड्डा बोलतोय. आठ किलोंचा, तांबड्या सालीचा, एक कडा धारदार, दुसरी गोलसर. माझ्या दुधावरची साय आधीच लोण्यासाठी काढून घेतात, म्हणून काही लोक मला कोरडा म्हणतात. म्हणोत बापडे. सायीवर माजलेले गड्डे उन्हाळ्यात घाम गाळत बसतात, मी ताठ असतो.

मला घडवलं सित्स्कानं. ती उत्तरेकडची, फ्रीसलंडची, लग्न करून या गोठ्यावर आलेली. चार वर्षं तिच्या सासूनं, हिलेगोंदबाईंनी, तिला चीजच्या कढईला हात लावू दिला नव्हता.

"तुमच्याकडे चीजमध्ये लवंग घालतात," त्या म्हणायच्या. "आम्ही ती दाढ दुखल्यावर लावतो."

मग एका वसंतात बाईंचं मनगट सुजलं. "तीन गड्डे कर," त्या म्हणाल्या. "बास्तियान व्यापाऱ्याला पसंत पडले तर कढई तुझी. नाहीतर मी मरेपर्यंत बादल्या घासायच्या. आणि मला मरायची मुळीच घाई नाही."

आमच्याकडची रीत अशी, की साच्यात खाली फाटलेल्या दुधाचा साधा चोथा, मध्ये जिरं मळलेला, वर पुन्हा साधा. दोन गड्डे नीट झाले. तिसरा मी. माझ्या वेळी सित्स्काचा हात लहानपणच्या सवयीनं फळीवरच्या माहेरच्या डब्याकडे गेला. मळून झाल्यावर वास उठला, तेव्हा तिला कळलं. लवंग!

तिनं दाराकडे पाहिलं. चोथा टाकावा तर तीनाचे दोन झाल्याचं सासूला दिसणार. तिनं वरून साधा थर घातला, मला वजनाखाली दाबलं, पाठीवर लायडनची खूण असलेल्या, कुलपाच्या दोन तिरक्या किल्ल्यांचा ठसा उमटवला.

सहा महिने ती रोज मला उलटवायची आणि रोज माझ्या सालीला नाक लावायची. साल माझी भक्कम. वासाचा कणही मी बाहेर पडू दिला नाही. पण तिचे हात गार असायचे, ते मला कळायचं.

शरदात बास्तियान आला. त्यानं गड्ड्यांवर बोटांनी टकटक केलं, पोकळ सळई खुपसून पहिल्या दोघांच्या पोटातला तुकडा काढला, हुंगला, चाखला, उरलेलं बूच परत भोकात बसवलं. दोघेही पसंत. मग सळई माझ्या पाठीला लागली.

"थांबा, बास्तियानदादा." सित्स्का पुढे झाली. "आई, ह्याच्यात लवंग आहे. माझ्या हातून पडली. मग मी झाकली."

"सहा महिने?" हिलेगोंदबाईंनी विचारलं.

"सहा महिने."

"आणि आजच का तोंड उघडलंस?"

"आता तो तुमच्या नावानं विकला जाणार होता, म्हणून."

बाईंनी बास्तियानच्या हातून सळई घेतली, स्वतः खुपसली, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. बास्तियानलाही त्यातलाच कण मिळाला.

"मावशी, मी घेतो की हा! लोक बोटं चाटतील."

"किल्ल्यांखाली लवंग? माझ्या दारातून? जीभ सांभाळ, बास्तियान."

त्यांनी सुरी घेतली आणि माझ्या पाठीवरचा ठसा तासून काढला. दुखलं. पण खोटा मान अंगावर मिरवण्यापेक्षा हे बरं.

"ते दोघे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "हा घरी राहील. आणि उद्या सकाळचं दूध कढईत सित्स्का घालेल."

"आई..."

"तो डबा मात्र तुझ्या खोलीत. कढईजवळ दिसला तर तळ्यात फेकीन."

आता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, निम्म्याहून कमी उरलोय. हिलेगोंदबाई रोज सकाळी माझी चकती पावावर ठेवतात, "चुकलेलं चीज" म्हणतात आणि दुसरी कापतात. कढईपाशी सित्स्काच्या कामाचा आवाज येतो.

तुमच्याही घरात कुणी परक्या गावाहून आलं असेल आणि तिच्या हाताची चव निराळी लागली, तर आधी चावून बघा, मग खुशाल नाक मुरडा. मला कापाल तेव्हा मात्र सपाट कापा. मधोमध खड्डा पाडणाऱ्यांचा मला राग येतो.

येतो मी. पाव कापून झाला.